बंदरी व्यापाराचे बोर्डगेम: ‘ल आव्र’, ‘गोवा’, ‘पोर्तो रिको’ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदरातल्या व्यापारावर बेतलेले बोर्डगेम पुष्कळ आहेत. या पानावर सगळ्यात जास्त जागा ‘ल आव्र’ला दिली आहे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. नियम साधे वाटतात, आणि तरीही पहिल्या दोन-तीन डावांत बहुतेक लोक त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडतात. बाकीच्या खेळांविषयी नेमकं विचारलं जातं तेवढंच इथे आहे.

हे खेळ आपल्या ‘व्यापार’सारखेच असतात का?

नाही. ‘व्यापार’मध्ये फासा तुम्हाला नेईल तिथे जावं लागतं, आणि दिवाळं निघालेला गडी बाहेर बसून इतरांचा खेळ बघतो. ‘ल आव्र’मध्ये फासाच नाही. कोणीही मधेच बाद होत नाही. कोणता माल कधी येणार हे पहिल्या फेरीनंतर सगळ्यांना दिसत असतं. नशिबाचा भाग सुरुवातीला इमारतींचे पत्ते कोणत्या क्रमाने लागले आणि कोणत्या विशेष इमारती डावात आल्या, एवढाच. त्यामुळे हरलात तर ‘फासा वाईट पडला’ म्हणायची सोय राहत नाही. काहींना हे आवडतं, काहींना नाही. कोणाला बसवताय ते आधी पाहून घ्या.

सुरुवात कोणत्या खेळाने करावी?

घरात असा खेळ कोणीच खेळलं नसेल तर ‘इस्तंबूल’ने. रूडिगर डॉर्न यांचा हा २०१४ चा खेळ. १६ ठिकाणं ४×४ अशी मांडायची, आपला व्यापारी एक किंवा दोन घरं चालवायचा, जिथे थांबेल तिथे मदतनीस सोडायचा किंवा आधी सोडलेला उचलायचा. पाच माणकं आधी जमवणारा जिंकतो (दोघंच असाल तर सहा). तासाभरात डाव संपतो.

सहा जण जमणार असतील तर रायनर क्नित्सिया यांचा ‘मेदिची’ घ्या. हा निव्वळ लिलाव आहे. एकेका जहाजात पाच नग माल मावतो, लॉट, म्हणजे एकदम लिलावाला निघणारा माल, एक ते तीन पत्त्यांचा असतो, आणि बोली प्रत्येकाला एकदाच लावता येते. चार नग भरलेले असताना तीनचा लॉट उचलता येत नाही, हे एक वाक्य नीट समजलं की अर्धा खेळ समजला.

‘ल आव्र’ तिसरा किंवा चौथा खेळ म्हणून घ्यावा. पहिलाच घेतला तर बहुधा तो कपाटातच राहील.

‘ल आव्र’ नेमका काय आहे? किती जण, किती वेळ?

उवे रोझेनबर्ग यांचा २००८ चा खेळ. एकट्यापासून पाच जणांपर्यंत खेळता येतो. आमच्या मते तिघं सर्वात उत्तम. पाच जणांत आपली पाळी येईपर्यंत चहा निवतो आणि हाती चालीही कमी लागतात. नियम माहीत असतील तर माणशी पाऊण तास धरा. पहिल्यांदा खेळताना चौघांना चार तास सहज लागतात. वेळ नसेल तर नियमपुस्तिकेत छोटा डाव दिलेला आहे. त्यात फेऱ्या कमी असतात आणि सुरुवातीलाच हाती थोडा माल मिळतो. शिकवण्यासाठी तोच वापरा.

खरेदी करताना एक काळजी घ्या. ‘ल आव्र: द इनलँड पोर्ट’ हा २०१२ चा फक्त दोघांचा, वेगळाच खेळ आहे. नाव पाहून घाईत तो मागवला जातो. ‘ल ग्रां आमो’ हा स्वतंत्र खेळ नसून विशेष इमारतींची जोड आहे, त्यासाठी मूळ पेटी लागते.

एका चालीत काय काय करायचं?

क्रम असा:

१. आपली बोट पुढच्या रिकाम्या पुरवठा-चकतीवर न्यायची. अशा सात चकत्या आहेत. चकतीवर दोन प्रकारचा माल छापलेला असतो, तो धक्क्यावरच्या आपापल्या ढिगात टाकायचा.

२. मग मुख्य काम एकच: एका ढिगातला सगळा माल उचलायचा, किंवा आपली माणूस-चकती एका इमारतीत नेऊन ती इमारत वापरायची.

ढीग अर्धा उचलता येत नाही. सात मासे पडले असतील तर सातही घ्यायचे, हवे असोत वा नसोत. ढीग सातच आहेत: फ्रँक, मासे, लाकूड, माती, लोखंड, धान्य, गुरं. दगडी कोळसा आणि कातडं धक्क्यावर येत नाही, ते इमारतींतूनच मिळवावं लागतं. नवशिक्यांना कोळशाचा दुष्काळ पडतो तो यामुळे. ‘येईल की धक्क्यावर’ म्हणून ते वाट पाहत बसतात.

इमारत किंवा जहाज रोखीने *विकत घेणं* हे मुख्य काम नाही. ते आपल्या चालीत कधीही, मुख्य कामाआधी किंवा नंतर करता येतं. इमारत माल देऊन *बांधणं* मात्र मुख्य काम आहे, कारण त्यासाठी बांधकाम कंपनीच्या इमारतीत माणूस न्यावा लागतो. या दोहोंची गल्लत सगळ्यात जास्त होते.

इमारतीत शिरण्याचे नियम काय?

ज्या इमारतीत कोणी आधीच बसलं आहे तिथे जाता येत नाही. आपण स्वतः जिथे बसलो आहोत तीच इमारत पुढच्या चालीत परत वापरता येत नाही, आधी दुसरीकडे जावं लागतं. ढिगातला माल उचलला तरी माणूस जागचा हलत नाही. म्हणजे एखाद्या इमारतीत बसून दोन-तीन चाली नुसता माल उचलत राहिलात, तर ती इमारत तेवढा वेळ सगळ्यांसाठी बंद. हा डाव आहे, चीटिंग नव्हे. कोळशाच्या खाणीत असं ठाण मांडलेला गडी अख्ख्या टेबलाला वेठीस धरू शकतो.

प्रवेशशुल्क पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात असतं. इमारत आपली असेल तर शुल्क नाही, दुसऱ्याची असेल तर त्याला द्यायचं, गावाची असेल तर ते साठ्यात जातं. शुल्क अन्नाचं असेल तर त्याऐवजी फ्रँक चालतात. उलट चालत नाही: फ्रँक मागितले असतील तर मासे देऊन भागत नाही.

अन्नाचा हिशेब कसा करायचा?

मासा १, धुरावलेला मासा २, पाव २, मांस ३. एका फ्रँकचं १ अन्न. धान्य आणि गुरं जशीच्या तशी खाता येत नाहीत, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. सुटे मिळत नाहीत: दोन अन्न देणं असताना मांसाचा नग दिलात तर उरलेलं एक वाया.

फेरीच्या शेवटी आधी सुगी, मग जेवण, म्हणजे त्या फेरीला लागणारं अन्न द्यायचं. ज्या फेरीच्या पत्त्यावर सुगीचं चिन्ह असेल त्या फेरीत एक तरी धान्य असलेल्याला एक धान्य मिळतं, आणि दोन तरी गुरं असलेल्याला एक गुरू मिळतं. दहा गुरं असली तरी एकच वाढतं. म्हणून शेवटचं धान्य दळायला आणि शेवटची दोन गुरं कापायला घाई करू नका. एक धान्य राखून ठेवलं की दर सुगीला फुकट नग मिळत राहतो.

जहाज असेल तर दर फेरीला लागणारं अन्न त्या जहाजाच्या आकड्याइतकं कमी होतं. आकडा खेळाडूंच्या संख्येप्रमाणे बदलतो. ही सवलत एकदा नाही, डाव संपेपर्यंत दर फेरीला मिळते. पहिलं लाकडी जहाज विकण्यासाठी बांधत नाहीत, पोट भरण्यासाठी बांधतात.

कर्ज काढणं म्हणजे डाव हातचा गेला का?

मुळीच नाही. आपल्याकडे कर्ज म्हटलं की छातीत धस्स होतं, आणि ती सवय इथे नडते.

कर्जाचा पत्ता घेतला की ४ फ्रँक मिळतात, फेडताना ५ द्यायचे. सात चकत्यांपैकी एकीवर व्याजाचं चिन्ह आहे. कोणाचीही बोट तिथे टेकली की ज्याच्या ज्याच्यावर कर्ज आहे त्याने १ फ्रँक व्याज भरायचं. कर्जाचे पत्ते कितीही असले तरी प्रत्येकी एकच फ्रँक. एका कर्जाला एक आणि सहा कर्जांनाही एक. म्हणजे पहिलं कर्ज सगळ्यात महाग, पुढची स्वस्त.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब बघा. चौघांच्या पूर्ण डावात २० फेऱ्या, फेरीला ७ चाली, म्हणजे १४० चाली, माणशी ३५. वर शेवटची एक जास्तीची. एवढीच पुंजी. अन्न कमी पडेल या धास्तीने तीन मासे उचलायला एक चाल खर्च केलीत, तर तीन फ्रँक वाचवायला पस्तिसातली एक चाल गेली. डावाच्या उत्तरार्धात एकेका चालीत वीस-तीस फ्रँक सहज येतात. तेव्हा सुरुवातीला कर्ज काढून ती चाल खाण, भट्टी, बांधकाम यांवर घालवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

मर्यादा दोन. कर्ज फक्त अन्न किंवा व्याज भागवण्यासाठीच मिळतं. इमारत विकत घ्यायला किंवा प्रवेशशुल्क भरायला मिळत नाही. आणि डाव संपताना अंगावर राहिलेल्या प्रत्येक कर्जामागे ७ फ्रँक वजा होतात. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत हातात रोख असेल तर आठवणीने फेडा. कोर्टाची इमारत डावात आली असेल तर काही कर्ज पैसे न देता परत टाकता येतं. तीन-चार कर्जं असलेल्याने तिकडे लक्ष ठेवावं.

काही फेऱ्यांत माझी एकच चाल येते आणि इतरांच्या दोन. आमचं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. सात चाली चौघांत वाटल्या की तिघांना दोन येतात आणि एकाला एक. ही पाळी फिरत जाते, दर चार फेऱ्यांत प्रत्येकाची एकदा. तिघं असाल तर एकाला तीन, दोघांना दोन. पाच असाल तर दोघांना दोन, तिघांना एकच. अन्न मात्र सगळ्यांना सारखंच द्यावं लागतं. म्हणून पुढच्या फेरीत आपल्या वाट्याला किती चाली आहेत ते आधी मोजा, आणि एकाच चालीची फेरी येत असेल तर आदल्या फेरीतच अन्नाची तजवीज करून ठेवा.

ऊर्जा कशाची किती? आणि पोलादापर्यंत पोचायचं कसं?

लाकूड १, लोणारी कोळसा ३, दगडी कोळसा ३, कोक १०. इथेही सुटे नाहीत, जास्तीची ऊर्जा वाया जाते.

‘ल आव्र’मधला पैसा मुख्यतः दोन मालांत आहे: पोलाद आणि कोक. निर्यातीचे भाव पाहिले की कळतं. पोलाद ८, कोक ५, चामडं ४, मग पाव, दगडी कोळसा आणि गुरं प्रत्येकी ३. मांस, वीट, लोखंड, लोणारी कोळसा, धुरावलेला मासा आणि कच्चं कातडं २. मासा, लाकूड, माती, धान्य १. मांसाचा भाव गुरापेक्षा कमी, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण मांस खाण्यासाठी आहे, निर्यातीसाठी नाही.

पोलादाची साखळी अशी:

पहिल्यांदा कोळशाची खाण. एका फेरफटक्यात ३ कोळसे, हातोड्याचं चिन्ह असलेली इमारत आपल्याकडे असेल तर ४. दोनदा गेलात तर ६ ते ८. मग कोकची भट्टी: जेवढा कोळसा असेल तेवढा एका चालीत कोक होतो, ऊर्जा लागत नाही, उलट नगामागे १ फ्रँक मिळतो. तीन-चार कोळशांसाठी इथे येऊ नका, सहा-आठ साचू द्या, चाल तेवढीच जाते. मग लोखंड, बहुधा धक्क्यावरून, ढीग चार-पाचांचा झाला की. पुढे पोलाद कारखाना: एका लोखंडाला ५ ऊर्जा, म्हणजे एका कोकमध्ये बरोब्बर दोन पोलादं. सहा लोखंडांना तीन कोक. पाच लोखंडं घेऊन गेलात तरी तीन कोकच जळतील, म्हणून सम संख्येत जा.

जहाजं कशी बांधायची? गोदी ‘सुधारणं’ म्हणजे काय?

गोदीत एका चालीत एक जहाज. लाकडी जहाजाला ५ लाकूड, लोखंडीला ४ लोखंड, पोलादीला २ पोलाद, आलिशान प्रवासी बोटीला ३ पोलाद. शिवाय प्रत्येकी ३ ऊर्जा. गोदी नवी असताना फक्त लाकडी जहाज होतं. त्यापुढचं हवं असेल तर आधी कोणीतरी तिच्यावर १ वीट ठेवून ती सुधारून घ्यायला हवी. एकदा वीट ठेवली की ती सुधारणा सगळ्यांच्या कामाची. त्यामुळे ‘आधी तू ठेव’ असा खेळ सुरू होतो आणि दोन फेऱ्या वाया जातात. वीट स्वतः ठेवा आणि पहिलं जहाज तुम्ही काढा.

गोदीत कोक जाळणं ही नेहमीची उधळपट्टी. तीन ऊर्जेसाठी दहाचा कोक टाकला की सात ऊर्जा वाया. लोणारी कोळशाचा एक नग इथे नेमका बसतो.

जहाज रोखीनेही मिळतं: लाकडी १४, लोखंडी २०, पोलादी ३० फ्रँक. डावाच्या शेवटी त्याची किंमत यापेक्षा कमी धरली जाते, म्हणून रोखीची खरेदी तेव्हाच करा जेव्हा पुढे बऱ्याच फेऱ्या अन्न वाचणार असेल किंवा लगेच मोठी निर्यात करायची असेल.

निर्यातीचं गणित उदाहरणासह सांगा.

जहाज कंपनीच्या इमारतीत गेलात की प्रत्येक जहाजाला ३ ऊर्जा देऊन माल पाठवता येतो. लाकडी जहाजात २ नग, लोखंडीत ३, पोलादीत ४. आलिशान बोटीत माल जात नाही.

समजा तीन पोलादी जहाजं आहेत. ऊर्जा ९ लागते, एक कोक पुरतो. नग १२ जातात. आठ पोलाद आणि चार कोक पाठवले तर ६४ अधिक २०, एकूण ८४ फ्रँक. त्याच जहाजांतून बारा गुरं पाठवली तर ३६, बारा धुरावलेले मासे पाठवले तर २४. चाल तिन्हींत एकच खर्च झाली.

म्हणूनच अर्धवट भरलेली जहाजं हाकणं टाळा. आणि उलट टोकही टाळा: तीन जहाजं, वीस नग माल आणि डाव संपायला एक चाल, अशी पाळी येऊ देऊ नका. हाती उरलेल्या मालाला शेवटी कवडीची किंमत नाही. फक्त रोख, इमारती आणि जहाजं मोजली जातात.

शेवटच्या फेरीनंतर प्रत्येकाला एक जादा मुख्य काम मिळतं, आणि त्यात दुसरा गडी बसलेल्या इमारतीतही जाता येतं. त्यामुळे शेवटची मोठी निर्यात या चालीसाठी राखून ठेवता येते, कोणी वाट अडवू शकत नाही. फक्त आपण स्वतः त्या वेळी जहाज कंपनीत बसलेले नाही ना, ते आधीच पाहा.

पोलाद निर्यात करू की आलिशान बोट बांधू?

तीन पोलादांची निर्यात २४ फ्रँक. आलिशान बोटीची किंमत ३० किंवा त्याहून जास्त, वर अन्नाची मोठी सवलत. पण बोट म्हणजे एक पूर्ण चाल, आणि निर्यातीत एकाच चालीत बारा नग जातात. जहाजांची जागा पोलादाने आधीच भरत असेल तर वरच्या तीन पोलादांची बोट बांधा. जागा रिकामी राहत असेल तर पाठवा.

खऱ्या ल आव्र बंदराशी या खेळाचा कितपत संबंध आहे?

सेन नदीच्या मुखाशी हे बंदर राजा पहिला फ्रान्स्वा याने १५१७ मध्ये वसवलं. कापूस आणि कॉफी ही त्याची पुढची मोठी आयात, पण खेळात दोन्ही नाहीत. खेळाला बंदराच्या मालापेक्षा लाकडी जहाजांपासून पोलादापर्यंतचा प्रवास दाखवायचा आहे, आणि तो नीट दाखवला आहे. आलिशान बोटी मात्र इथल्याच: ‘नॉर्मंडी’ ही प्रसिद्ध बोट मे १९३५ मध्ये ल आव्रहूनच न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीला निघाली. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. ऑग्युस्त पेरे यांच्या आराखड्यानुसार ते काँक्रीटमध्ये पुन्हा उभं राहिलं आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. बंदराच्या इतिहासात गुलामांचा व्यापारही आहे. खेळ त्याला स्पर्श करत नाही.

‘गोवा’ या खेळात गोवा किती आहे?

नावापुरता आणि थोडा जास्त. रूडिगर डॉर्न यांचा हा २००४ चा खेळ, दोन ते चार जणांचा, आठ फेऱ्यांचा. मिरी, आलं, दालचिनी, जायफळ, लवंग असे पाच मसाले त्यात आहेत. यांतलं एकही गोव्याचं मुख्य पीक नव्हतं. मिरी आणि आलं मलबारचं, दालचिनी सिलोनची, जायफळ बांदा बेटांचं, लवंग मोलुक्काची. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतल्यावर ते या सगळ्या मालाचं पोर्तुगीज ठाणं झालं, आणि त्या अर्थाने खेळाची मांडणी बरोबर आहे. पण गोव्याचा स्वतःचा मोठा धंदा अरबी घोड्यांचा होता, ते विजयनगरला जात. खेळात घोडा नाही. अरबी समुद्रात जहाज हाकायला लागणारा पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, तोही नाही. त्याच्याशिवाय निघालेलं गलबत पोर्तुगीज पकडत. कोकणाचा इतिहास वाचलेल्या माणसाला ही उणीव लगेच जाणवते. या दोन गोष्टींवर एक वेगळाच उत्तम खेळ होऊ शकेल असं आम्हाला मनापासून वाटतं.

खेळाचं मर्म लिलावात आहे. लिलावाला जो माल तुम्ही मांडता, तो दुसऱ्याने घेतला तर पैसे *तुम्हाला* मिळतात. स्वतः घेतलात तर पैसे बँकेत जातात. बोली प्रत्येकाची एकदाच, मांडणाऱ्याची शेवटी. नवशिके नेहमी आपल्याला हवं तेच मांडतात आणि पैसे बँकेत घालवतात. दुसऱ्याला निकडीने हवं असलेलं मांडा, त्याचे पैसे घ्या, आणि त्या पैशांनी तिसऱ्याच्या लिलावात आपल्याला हवं ते उचला. लिलावानंतर प्रत्येकाला तीन कामं मिळतात. विकासाच्या पाच स्तंभांत पुढे सरकायला जहाजं आणि ठरावीक मसाला दोन्ही लागतात. नुसते मसाले साठवून जहाजं नसणं, हे इथलं नेहमीचं दुखणं.

‘पोर्तो रिको’मध्ये माझा माल नेहमी सडतो. का?

कारण माल तयार करणारी ‘कारागीर’ ही भूमिका तुम्ही चुकीच्या वेळी निवडता. आंद्रेआस झायफार्थ यांच्या या २००२ च्या खेळात एकाने भूमिका निवडली की ते काम सगळ्यांनाच करता येतं. कारागीर घेतलात तर तुम्हाला एक नग जास्त मिळतो खरा, पण सगळ्यांकडे माल तयार होतो, आणि पुढची पाळी डावीकडच्या शेजाऱ्याची. तो कप्तान (जहाजांत माल भरण्याची भूमिका) किंवा व्यापारी (पेढीत माल विकण्याची) निवडतो आणि सोयीची जागा आधी पटकावतो.

जहाजं तीन. चौघांत त्यांची जागा ५, ६, ७ नगांची (तिघांत ४, ५, ६ आणि पाचांत ६, ७, ८). एका जहाजात एकच प्रकारचा माल, आणि एकच माल दोन जहाजांत भरता येत नाही. भरता येत असेल तर भरणं सक्तीचं. वखार नसेल तर भरणी झाल्यावर तुमच्याकडे फक्त एक नग उरतो, बाकी सगळा जातो. व्यापाऱ्याच्या पेढीत चारच जागा, आणि तिथे असलेला माल सहसा पुन्हा विकता येत नाही. तेव्हा कारागीर निवडण्याआधी हे बघा: जहाजांत माझ्या मालाला जागा आहे का, पेढीत तो आधीच पडला आहे का, आणि शेजारी काय घेईल. तिन्हींची उत्तरं मनासारखी असतील तरच कारागीर.

‘पोर्तो रिको’वर टीका का होते?

मळ्यांवर राबणारी माणसं त्यात तपकिरी चकत्या आहेत आणि त्यांना ‘वसाहतवाले’ म्हटलं आहे. बेटावर ऊस आणि कॉफी गुलामांच्या श्रमावर पिकत होती, गुलामगिरी तिथे १८७३ मध्ये संपली. ही टीका रास्त आहे. २०२२ मध्ये निघालेल्या ‘पोर्तो रिको १८९७’ या आवृत्तीत काळ बदलून बेटाला स्वायत्तता मिळाली त्या वर्षाचा घेतला आहे. खेळाची यंत्रणा जवळपास तीच आहे. आज नव्याने घेणार असाल तर तीच घ्या.

‘ल आव्र’ नवीन लोकांना कसा शिकवावा?

नियमपुस्तिका वाचून दाखवू नका. पट मांडा, सात चकत्या आणि सात ढीग दाखवा, एक चाल करून दाखवा. मग अन्नाचे आकडे, मग कर्ज. कर्ज लवकर सांगा आणि ते लाजिरवाणं नाही हेही सांगा, नाहीतर पहिल्या तीन फेऱ्या सगळे मासेच उचलत बसतील. इमारती एकेक करून समजावायच्या नाहीत. तीन गठ्ठ्यांच्या वरचे पत्ते तेवढे वाचा, बाकीचे वर येतील तेव्हा. पोलादाची साखळी मात्र सुरुवातीलाच बोटाने दाखवा: खाण, कोक, पोलाद, गोदी, निर्यात. ती माहीत नसलेला गडी तीन तास मातीच्या विटा पाडतो आणि शेवटी शंभर फ्रँकने मागे राहतो, आणि पुन्हा खेळायला येत नाही.

सुटे भाग सांभाळायचे कसे? पावसाळ्यात पत्ते वाकतात.

मालाचे नग पुठ्ठ्याचे, छोटे आणि दुतोंडी: एका बाजूला कच्चा माल, उलटवला की तयार. लोखंडाच्या मागे पोलाद, कोळशाच्या मागे कोक. म्हणजे सोळा माल असले तरी खाने आठच लागतात. मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्या आणि आठवी एक बाहेरची, एवढ्यात सगळं बसतं, आणि मांडायला पाच मिनिटं लागतात. पिशव्यांमधून काढत बसलात तर वीस. पंखा जोरात असेल तर नग उडून उलटतात आणि मग लोखंड होतं की पोलाद यावर वाद होतो. ढीग वाट्यांतच ठेवा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर पत्त्यांना प्लास्टिकची वेष्टनं घाला, पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा त्या बदला. पेटी आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको. वाकलेला पुठ्ठा उन्हात टाकू नका, तो उलट्या बाजूला वाकतो. दोन जाड पुस्तकांमध्ये कोरड्या खोलीत तीन-चार दिवस दाबून ठेवा.

जुनी पेटी विकत घेताना काय तपासावं?

पुरवठ्याच्या सात चकत्या, पाच रंगांच्या बोटी आणि माणूस-चकत्या, आणि खेळाडूंच्या संख्येप्रमाणे वेगवेगळे असलेले फेऱ्यांचे पत्ते. हे पत्ते हरवले की जहाजंही गेली, कारण फेरी संपली की तोच पत्ता उलटून जहाज होतो. कर्जाचे पत्ते आणि फ्रँकही मोजा. नगांची कड खरबरीत असेल, छपाई कापाच्या मधोमध नसेल, पुठ्ठा पातळ वाटत असेल तर नकली प्रतीचा संशय घ्या आणि विक्रेत्याकडून पेटीच्या आतल्या बाजूचे फोटो मागवा. एखाद-दुसरा मालाचा नग कमी असेल तर बिचकू नका, त्याच्या जागी गुंडी चालते.